वरच्या अंगाचा पाऊस : कोलोरॅडोच्या डोंगरपायथ्याशी पाच दिवस

माझे वडील पुण्याच्या वेधशाळेत निरीक्षक होते. शिवाजीनगरच्या ज्या कार्यालयाला जुने पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तेथे सकाळी साडेआठच्या ठोक्याला पर्जन्यमापकातील पाणी मोजणे हे त्यांच्या नोकरीतील अनेक कामांपैकी एक होते, आणि शाळेला सुट्टी असली की मीही त्यांच्याबरोबर जात असे. मोजपात्र डोळ्यांच्या पातळीवर धरून मग आकडा वाचायचा, वरून वाकून वाचला तर तो चुकतो, ही त्यांची शिकवण माझ्या हातात अजून आहे. पुढे मी तीस वर्षे भूगोल शिकवला. वळीव, आरोह पर्जन्य, पर्जन्यछाया हे शब्द फळ्यावर असंख्य वेळा लिहिले; पण डोंगरातून अचानक उतरणाऱ्या लोंढ्याचा अंदाज वर्तवणे किती कठीण असते, हे मला प्रत्यक्ष कळले ते जुलै २०२५ मध्ये, मुलाकडे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात गेलो होतो तेव्हा.

आम्ही पोहोचलो त्याच महिन्याच्या ४ तारखेला टेक्सासच्या डोंगराळ भागात ग्वादालूपे नदीला पूर आला होता. हंट या गावाजवळ नदीचे पाणी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढले आणि त्या पुरांत सव्वाशेहून अधिक माणसे गेली. इशारा कधी दिला, तो कोणापर्यंत पोहोचला, कोण झोपेत होते, याच प्रश्नांची चर्चा सगळीकडे चालू होती. मुलगा म्हणाला, “आई, असाच पूर आमच्या शेजारच्या बिग थॉम्पसन नदीच्या खोऱ्यात १९७६ साली आला होता. तुला पाहायचे आहे का?” त्याने पाच दिवसांची रजा काढली आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मुलगा, सूनबाई, माझे यजमान आणि मी, रॉकी पर्वताच्या पायथ्याने फिरलो.

पहिला दिवस : फोर्ट कॉलिन्स

फोर्ट कॉलिन्स हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फुटांवर आहे. त्याच्या पश्चिमेला डोंगर एकदम उभे राहतात आणि पूर्वेला सपाट गवताळ प्रदेश क्षितिजापर्यंत पसरतो. पूर्वेकडील उतारांच्या या रांगेला फ्रंट रेंज म्हणतात. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचे कळतसुद्धा नाही, म्हणून पहिले दोन दिवस तहान नसली तरी पाणी पीत राहावे आणि उंचीवर जाण्याची घाई करू नये.

सकाळी सातला मी अंगणात उभी होते. शेजारच्या घरी राहणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या बाई, निवृत्त परिचारिका, कुंपणाजवळच्या खांबावर बसवलेल्या पारदर्शक नळकांड्याकडे डोळे बारीक करून पाहत होत्या. त्यांचे गुडघे किंचित वाकलेले होते आणि डोळे पाण्याच्या पातळीवर होते. ते पाहून मला जे वाटले ते मी त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले, आणि त्यांनी कुंपणाचे फाटक उघडून मला आत घेतले.

ते चार इंच व्यासाचे पर्जन्यमापक होते. वरच्या नरसाळ्यातून पाणी आतल्या अरुंद नळीत पडते. या नळीचा छेद नरसाळ्याच्या एक दशांश असल्यामुळे पाण्याची उंची दसपट दिसते आणि इंचाचा शंभरावा भागही वाचता येतो. एक इंचाहून जास्त पाऊस झाला की उरलेले पाणी बाहेरच्या मोठ्या नळकांड्यात उतरते. शेजारी थर्माकोलचा एक चौकोन ॲल्युमिनियमच्या चकचकीत कागदात गुंडाळून आडवा ठेवला होता. गारा पडल्या की त्यावर खळगे उमटतात आणि त्यांवरून गारांचा आकार व मारा कळतो. बाई रोज सकाळी सातला नोंद घेऊन ‘कोकोराझ’ नावाच्या जाळ्याकडे पाठवतात, आणि पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहून पाठवतात. शून्य पाठवणे अत्यावश्यक असते, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. नोंद आली नाही, तर तेथे पाऊस पडला नाही की पाहायला कोणी नव्हते, हे कळायला मार्ग उरत नाही.

हे जाळे जन्माला येण्याचे कारण त्यांच्या घरापासून फार लांब नाही. २८ जुलै १९९७ च्या संध्याकाळी शहराच्या नैर्ऋत्य भागावर गडगडाटी ढग एकामागून एक येऊन थांबले. आदल्या दुपारपासूनचा पाऊस धरला तर ३१ तासांत साडेचौदा इंच, म्हणजे जवळजवळ ३७० मिलिमीटर पाणी पडले, आणि त्यातील दहा इंचांहून अधिक पाऊस शेवटच्या साडेपाच तासांतला होता. त्याच शहराच्या पूर्व भागात, सातआठ किलोमीटरवर, दोन इंचही पाऊस झाला नाही. अधिकृत मापके मोजकीच असल्यामुळे हा फरक लोकांकडून विचारून, बादल्या आणि घमेली मोजून नंतर कळला. तेव्हा राज्याच्या हवामान केंद्रात असलेल्या नोलन डोस्केन यांनी १९९८ मध्ये सामान्य नागरिकांच्या अंगणांतील मापकांचे जाळे उभे केले. आता ते साऱ्या अमेरिकेत आणि शेजारच्या देशांतही पसरले आहे.

दुपारी आम्ही स्प्रिंग क्रीक या ओढ्याच्या काठाने चाललो. एरवी हा ओढा आपल्याकडच्या एखाद्या पाटाएवढा आहे. त्याच्या काठाने सायकलींचा रस्ता जातो आणि मुले पाण्यात पाय सोडून बसतात. रेल्वेचा उंच भराव या ओढ्याला आडवा आहे. त्या रात्री पाणी भरावामागे धरणासारखे साठत गेले आणि मग त्यावरून ओसंडले. पायथ्याशी चाकांवरच्या घरांची वस्ती होती. पाच माणसे मेली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरून सुमारे पाच लाख पुस्तके आणि नियतकालिकांचे खंड भिजले. ओढा कितीही लहान असो, त्याच्या आड काय बांधले आहे आणि त्यामागे किती पाणी मावेल हे पाहण्याची माझ्या नजरेला त्या दिवसापासून सवय लागली.

संध्याकाळी शेजारच्या बाईंनी परसातल्या झुकिनीचा गोड पाव आणून दिला. मी पुण्याहून नेलेल्या भाजणीची थालीपिठे त्यांना दिली. त्यांना ती लोण्यापेक्षा दह्याशी अधिक आवडली.

दुसरा दिवस : बोल्डर

बोल्डर हे गाव मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राची तांबूस रंगाची इमारत डोंगराच्या पठारी पायरीवर उभी आहे, आणि ती आय. एम. पेई या विख्यात वास्तुविशारदाची रचना आहे. आतले प्रदर्शन पाहायला शुल्क नाही. बाहेर हवामानाची माहिती देणारी एक छोटी पायवाट आहे. ती सकाळीच चालून घ्यावी, कारण दुपारनंतर तेथे वीज पडण्याचा धोका असतो.

पायथ्याशी वळीव कसा तयार होतो, हे त्या पायवाटेवरून डोळ्यांनी दिसते. सूर्य वर आला की पूर्वेकडे तोंड केलेले उतार मैदानाआधी तापतात, हवा उताराला धरून वर चढते आणि दहा-अकराच्या सुमारास शिखरांवर कापसाचे पुंजके दिसू लागतात. दुपारी त्यांचे मनोरे होतात. आपल्याकडे मे महिन्यात सह्याद्रीच्या पूर्वेला हेच घडते. फरक एवढाच, की तेथे जुलै-ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येकडून येणारी बाष्पाची लाट ही इंधन पुरवते, आणि तिलाही तेथे मान्सूनच म्हणतात. एरवी वरच्या थरातील पश्चिमेचे वारे ढगांना मैदानाकडे ढकलतात, ढग पुढे सरकत राहतात आणि कोणत्याही एका ओढ्यावर पाऊस फार वेळ पडत नाही. ज्या दिवशी खालच्या थरात पूर्वेकडून ओला वारा डोंगरावर चढतो आणि वरचे वारे मंदावलेले असतात, तो दिवस वाईट. जुना ढग ओसरण्याआधी त्याच जागी नवा उभा राहतो, आणि सगळे पाणी एकाच खोऱ्यात उतरते. ९ जून १९७२ रोजी साउथ डकोटातील ब्लॅक हिल्सच्या पायथ्याला रॅपिड सिटी येथे २३८ माणसे गेली, तेव्हा आकाशाची मांडणी हीच होती. १९७६ च्या बिग थॉम्पसन पुरातही हीच होती, आणि या दोन्ही घटना शेजारी ठेवून अभ्यासल्यावर पूर्वानुमान करणाऱ्यांना धोक्याच्या दिवसाची खूण सापडली.

दिवस ओळखता येतो, पण जागा ओळखणे कठीण. प्रदर्शनातील एका तरुण मार्गदर्शकाने मला त्याबद्दल एक विलक्षण गोष्ट सांगितली. संवेदनशील रडारला निरभ्र हवेतही बारीक रेषा दिसतात. दोन वारे जेथे समोरासमोर येतात तेथे हवा वर उचलली जाते, आणि तिच्याबरोबर वर जाण्यास विरोध करणारे लहान कीटक त्या रेषेवर दाट जमतात. रडारचा किरण या कीटकांवरून परततो. ढग दिसण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी त्या रेषा पाहून, विशेषतः दोन रेषा एकमेकींना भिडतात तेथे, वादळ कोठे उभे राहील याचा अंदाज बांधता येतो. डोळ्यांना न दिसणारे वारे किड्यांच्या थव्यांतून वाचणे, हे वर्गात शिकवायला मिळाले असते तर किती बरे झाले असते, असे मला फार वाटले. संगणकीय प्रतिमानेही याच गावात घडली. तीन किलोमीटरच्या चौकटींत हवा मोजून दर तासाला नवा अंदाज देणारे जे प्रतिमान अमेरिकेच्या हवामान खात्यात वापरतात, ते येथील प्रयोगशाळेतले आहे. मात्र एखाद्या घळीचे पाणलोट क्षेत्र काही चौरस किलोमीटरचेच असते, आणि प्रतिमानातले वादळ दहा किलोमीटर इकडे-तिकडे सरकले तर ते दुसऱ्याच नदीत पाऊस पाडते.

गावातून वाहणाऱ्या बोल्डर क्रीकच्या काठी एक स्तंभ आहे. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाच्या स्मरणार्थ तो उभारलेला आहे. पूरमैदानात घरे कोठे बांधावीत आणि कोठे बांधू नयेत, याचा विचार अमेरिकेला शिकवण्यात त्यांनी आयुष्य घालवले. सरासरी पन्नास, शंभर आणि पाचशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी कोठपर्यंत येईल याच्या खुणा स्तंभावर आहेत, आणि सगळ्यांत वर बिग थॉम्पसनसारखा पूर या ओढ्याला आला तर पाणी कोठे पोहोचेल त्याची खूण आहे. मी मान वर करून ती पाहिली आणि नंतर पायाशी वाहणारे गुडघाभर पाणी पाहिले. सप्टेंबर २०१३ मध्ये याच गावात एका दिवसात नऊ इंचांहून अधिक, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर पाऊस झाला होता. तेथे वर्षभरात सरासरी वीस इंच पडतो.

जेवणात हिरव्या मिरच्या भाजून केलेल्या रश्श्यात बुडवलेला बरिटो घेतला. तो तेथील खास पदार्थ आहे. मांसाशिवाय मिळतो, पण आधी विचारून घ्यावे लागते.

तिसरा दिवस : ट्रेल रिज रस्ता आणि एस्टीस पार्क

रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात आम्ही गेलो तेव्हा दिवसाच्या गर्दीच्या वेळात आरक्षण करूनच प्रवेश मिळत होता. शक्य तितकी पहाटेची वेळ घ्यावी. ट्रेल रिज रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो, झाडे मागे पडतात आणि उरतात ते दगड, गवत आणि इवलाली फुले. दगडांतून पायका नावाचा सशाच्या कुळातील मूठभर प्राणी तोंडात गवताच्या काड्या धरून धावत होता आणि मध्येच थांबून शीळ घालत होता. सूनबाईने त्याला पाहण्यासाठी अर्धा तास एका जागी बसून काढला.

साडेअकराला पश्चिमेचा ढग करडा झाला. रेंजर बाई प्रत्येक गाडीपाशी जाऊन शांतपणे सांगत होत्या, “आता खाली जा. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत येऊ शकते.” आम्ही निघालो तोच पांढऱ्या साबुदाण्यासारख्या गारा काचेवर वाजू लागल्या, तापमान काही मिनिटांत इतके उतरले की यजमानांनी शाल काढली, आणि मागे वळून पाहिले तर ज्या दगडांवर आम्ही बसलो होतो तो माथा दिसेनासा झाला होता. दुपारी बाराच्या आत झाडांच्या रेषेखाली यायचे, हा तेथील गिर्यारोहकांचा नियम आहे आणि पाहुण्यांनीही तो पाळावा. वीज चमकत असताना गाडी हाच सुरक्षित आसरा. एकट्या झाडाखाली, कड्याच्या कपारीत किंवा उघड्या माथ्यावर थांबू नये.

रात्री एस्टीस पार्क या गावच्या मुक्कामात मुलाने हवामान कार्यालयाचे पूर्वानुमानावरील विवेचन वाचून दाखवले. पूर्वानुमान करणारा आपली शंका, आपला तर्क आणि आपली खात्री किती आहे हे तेथे सलग गद्यात लिहितो. उद्या हवेत बाष्प जास्त, वरचे वारे मंद, दुपारनंतर डोंगरांत आणि पायथ्याशी जोराचा पाऊस, जळलेल्या जंगलांच्या उतारांवर अचानक पुराचा धोका, असे त्यात होते. नेमके कोठे, ते नव्हते. मी ते दोनदा वाचून घेतले. यजमान म्हणाले, “तुझ्या वडिलांनी हे वाचायला हवे होते.” ते मलाही तेव्हाच वाटले होते.

चौथा दिवस : बिग थॉम्पसन

एस्टीस पार्कहून लव्हलँडकडे जाणारा रस्ता क्रमांक ३४ बिग थॉम्पसन नदीच्या घळीतून उतरतो. घळ साधारण चाळीस किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की तळाशी नदी आणि रस्ता एवढ्यांपुरतीच जागा उरते. हवामानाचा अंदाज माहीत असल्यामुळे आम्ही सकाळी लवकर निघायचे, दुपारी दोनच्या आत घळीबाहेर पडायचे, असे ठरवले होते. ते आम्हांला पाळता आले नाही. दरडीचे दगड रस्त्यावर आल्याने वाहतूक दीड तास थांबली आणि ड्रेक या वस्तीशी पोहोचायलाच एक वाजला.

वाटेत ठिकठिकाणी एक फलक दिसतो. उतार चढणाऱ्या माणसाची आकृती आणि खाली मजकूर : अचानक पूर आल्यास उंच चढून जीव वाचवा. हे फलक १९७६ नंतर लागले.

३१ जुलै १९७६ हा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी कोलोरॅडो राज्याला शंभर वर्षे पूर्ण होणार होती, म्हणून घळीतील तंबू, विश्रामगृहे आणि सुट्टीची घरे माणसांनी भरली होती. संध्याकाळी सहाच्या पुढे एस्टीस पार्कच्या खालच्या अंगाला, ग्लेन हेवनच्या आसपास, ढग थांबला. सुमारे चार तासांत बारा इंच, म्हणजे ३०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यातला साडेसात इंच साधारण एका तासात. आपल्या हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे तासाला १०० मिलिमीटर म्हणजे ढगफुटी. येथे तो आकडा जवळजवळ दुप्पट होता. ज्यांच्या डोक्यावर पाऊस नव्हता किंवा नुसती रिपरिप होती अशा खालच्या अंगाच्या बहुतेक माणसांपर्यंत हवामान खात्याचा इशारा वेळेत पोहोचला नाही. घळीच्या मुखाशी पाण्याचा प्रवाह सेकंदाला सुमारे ८८० घनमीटर झाला. त्याआधीचा नोंदलेला मोठा पूर याच्या एक चतुर्थांश होता. १४४ माणसे गेली. राज्य गस्ती दलाचे सार्जंट ह्यू पर्डी आणि एस्टीस पार्कचे पोलीस अधिकारी मिशेल कॉनली हे दोघे लोकांना सावध करत घळीत फिरत होते. तेही पुरात गेले. गाडी काढून रस्त्याने खाली पळणाऱ्यांना पाण्याने गाठले, आणि गाडी तशीच सोडून बाजूच्या उतारावर वीस-पंचवीस फूट चढलेले वाचले.

ड्रेकजवळच्या एका घरगुती दुकानात आम्ही ‘चेरी पाय’ हा चेरी भरलेला गोड पदार्थ आणि कॉफी घेतली. गल्ल्यावरचे आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि मावशीकडे सुट्टीला आले होते. ते बोलताना आमच्याकडे पाहत नव्हते, खिडकीतून नदीकडे पाहत होते. आधी आवाज आला, ते म्हणाले, मालगाडीसारखा, आणि या घळीतून रेल्वे जात नाही. मग स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला, कारण घरांच्या टाक्या सुटून फुसफुसत वाहत चालल्या होत्या. मावशीला पुढे घालून ते घरामागचा उतार अंधारात हातापायांनी चढले आणि पहाटेपर्यंत एका झाडाला पाठ लावून बसले. रस्त्यावरून खाली जाणाऱ्या गाड्यांचे दिवे त्यांना दिसत होते. याच्या पुढचे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

सप्टेंबर २०१३ मध्ये हीच घळ पुन्हा वाहून गेली. तो पाऊस अनेक दिवसांचा होता, रस्ता क्रमांक ३४ मैलोन् मैल उखडला, घळीत दोघींचा जीव गेला. नंतर काही वळणांवर कडा फोडून रस्ता मातीच्या भरावाऐवजी मूळ खडकावर नेला आहे. हा फरक गाडीतूनही दिसतो.

तीनच्या सुमारास दुकानातला हवामान-रेडिओ कर्कश वाजला. आमच्या डोक्यावर ऊन होते. मुलाच्या मोबाइलला घळीत जाळे मिळत नव्हते, त्यामुळे त्याच्यावर काहीच आले नाही. रेडिओवरचा यांत्रिक आवाज सांगत होता की गेल्या वर्षीच्या अलेक्झांडर माउंटन वणव्याने जळलेल्या उतारांवर जोराचा पाऊस होत आहे, आणि खालच्या ओढ्यांना अचानक पूर येऊ शकतो. हा वणवा जुलै २०२४ च्या अखेरीस लागला आणि साडेनऊ हजार एकरांहून अधिक जंगल त्यात गेले. जळालेली जमीन पाणी पित नाही. राख आणि वाफ होऊन मातीत गोठलेल्या मेणचट द्रव्यांमुळे वरचा थर पाणी झटकतो, मुळे आणि पाचोळा नसल्याने पाण्याला अडवायला काही उरत नाही, आणि एरवी कोणी छत्रीही उघडणार नाही असा अर्ध्या तासाचा पाऊस तेथे दगड, माती आणि जळके ओंडके घेऊन उतरतो. अशाच एका वणव्याने जळालेल्या उतारावरून जुलै २०२१ मध्ये उत्तरेकडच्या पूडर घळीत लोंढा आला आणि चौघे गेले. म्हणून जळालेल्या भागासाठी इशारा देण्याची मर्यादा वेगळी, फार खाली आणलेली असते.

आजोबांनी दुकानाला कुलूप लावले. मागच्या उतारावर त्यांनी स्वतः दगडी पायऱ्या बांधल्या आहेत, बाजूने जाड दोर ताणला आहे. मी मोजल्या, एकेचाळीस होत्या. वर एक लाकडी बाक आणि पत्र्याच्या पेटीत पाण्याच्या बाटल्या, विजेरी व घोंगड्या. गुडघे दुखायला लागल्यावर पायऱ्या केल्या, असे त्यांनी सांगितले. आम्ही पाचजण वर बसलो. पूर्वेकडे, कड्याच्या पलीकडे, ढगाचा निळसर काळा तळ दिसत होता आणि गडगडाट थांबत नव्हता. आमच्या अंगावर मोजून दहा-वीस थेंब पडले.

तासाभरात नदीचा रंग बदलला का, हे मी पाहत होते, बदलला नाही. साडेचारला इशारा संपला. वाटेत एका बाजूच्या ओढ्याने रस्त्यावर काळा चिखल आणि कोळसा झालेल्या फांद्या आणून टाकल्या होत्या, रस्ते खात्याचे यंत्र ते ढकलत होते. ओढ्याचे पाणी काळ्या शाईसारखे होते आणि त्याला विझलेल्या चुलीचा वास होता. एवढेच झाले. खाली आल्यावर मी आजोबांना विचारले, की असे काही न होता किती वेळा वर चढलात. त्यांनी आकडा सांगितला नाही. रेडिओची बॅटरी बदलली.

इशारा देणाऱ्यापुढची अडचण मला त्या बाकावर बसून कळली. अमुक ओढ्याला एका, तीन किंवा सहा तासांत किती पाऊस झाला तर तो पात्राबाहेर येईल, याचे कोष्टक त्याच्यासमोर असते. पाऊस किती पडला ते रडार सांगते. पण डोंगर रडारचा किरण अडवतात, आणि बिग थॉम्पसन किंवा फोर्ट कॉलिन्ससारखा पाऊस उंच, गारांच्या ढगातून न येता बुटक्या, उबदार ढगातून असंख्य लहान थेंबांनी पडतो, तेव्हा परतलेल्या लहरींवरून पाऊस काढण्याचे जुने सूत्र तो पुष्कळ कमी मोजते. आडव्या आणि उभ्या दोन्ही लहरी सोडून थेंबांचा आकार ओळखणारी रडारे आल्यावर ही चूक घटली आहे. तरीही घळीत उरलेली वेळ मिनिटांत मोजायची असते. थांबून खात्री करावी तर उशीर होतो. लगेच सांगावे तर दहापैकी कित्येकदा काळ्या चिखलापलीकडे काही घडत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यांवर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे असे मला कळकळीने वाटते. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले. ते उभे होते तेथे पाणी काही क्षणांपूर्वी पावलाएवढे होते. खेडेगावातील माणसे ‘वरच्या अंगाला लागलाय’ म्हणून ओढ्यातून गुरे काढतात, ते याच ज्ञानाने. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहू लागला, आवाज बदलला, की सामान न उचलता काठाने खाली न पळता बाजूने वर चढावे. निघण्याआधी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापनाचे ‘सचेत’ आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजांसाठी केलेले ‘दामिनी’ ही दोन्ही ॲप पाहावीत, पण घाटात मोबाइलचे जाळे जाते हे धरूनच पाहावीत. कोलोरॅडोच्या घळींत फिरणाऱ्यांनी बॅटरीवर चालणारा हवामान-रेडिओ विकत घ्यावा. तो महाग नसतो. आणि मुक्काम नदीकाठी असेल तर उजेडात एकदा मागचा उतार चढून यावा, म्हणजे अंधारात वाट शोधावी लागत नाही.

पाचवा दिवस : परत फोर्ट कॉलिन्स

सकाळी पावणेसातला शेजारच्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. रात्री इकडे विजा बऱ्याच चमकल्या होत्या. त्यांनी मला मापकाकडे बोट केले आणि स्वतः बाजूला झाल्या. मी गुडघे वाकवले, डोळे पाण्याच्या वळलेल्या कडेच्या तळाशी आणले आणि वाचले : शून्य पूर्णांक शून्य दोन इंच. अर्धा मिलिमीटर. त्यांनी पुन्हा पाहिले, मान हलवली आणि आकडा पाठवला. मग सगळ्यांच्या नोंदींचा नकाशा उघडला. आम्ही काल ज्या कड्याच्या अलीकडे बसलो होतो, त्याच्या पलीकडच्या कोणा अनोळखी माणसाने आपल्या अंगणातून १.७४ इंच लिहिले होते. मधल्या जागेत एकही ठिपका नव्हता.

पुण्याला परतताना त्यांनी मला तसेच एक पर्जन्यमापक दिले. ते कपड्यांत गुंडाळून आणले. आता ते आमच्या गच्चीवर, टाकीपासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्यावर लावले आहे. रोज साडेआठला मी वर जाते, आणि काही पडलेले नसले तर वहीत शून्य लिहिते.